मध्यमाकडून पंचमाकडे: बासरीच्या सप्तकांचा रियाज

सहा छिद्रांच्या बासरीवर मंद्र (खालचे), मध्य (मधले) आणि तार (वरचे) अशा तिन्ही सप्तकांत फिरण्याचा रियाज सध्या चालू आहे आणि सप्तक ठरते ते ओठांवर, हे आता हाताला व कानाला दोन्हीकडून पटले आहे. मुखरंध्राकडची, म्हणजे फुंकायच्या छिद्राकडची, पहिली तीन छिद्रे झाकली की मध्य षड्ज (सा) लागतो; तीच बोटे जागची न हलवता फुंक बारीक आणि वेगवान केली की तार षड्ज बोलतो.

खरी कसोटी मध्यम (म) आणि पंचम (प) यांच्यामध्ये आहे. शुद्ध मध्यमासाठी फक्त पहिले छिद्र अर्धे झाकलेले असते, तर मध्य पंचमासाठी सहाही छिद्रे पूर्ण बंद करून त्याच क्षणी फुंकेचा वेग वाढवावा लागतो. त्यामुळे बोटे आधी पडली आणि फुंक मागे राहिली तर मंद्र पंचम ऐकू येतो, आणि एखादे बोट किंचित जरी उचललेले असले तरी सूर फुटतो. या सांध्यासाठी मला भूप राग फार उपयोगी वाटला. त्यात मध्यमच नसल्याने अर्ध्या छिद्राचा प्रश्न उरत नाही आणि ‘ग प’, ‘प ग’ एवढीच संगती विलंबित लयीत घोटता येते. पंचमावर येण्याआधीच, गंधाराच्या (ग) शेवटी, ओठांची फट हळूहळू आवळत नेली की जोड ऐकू येत नाही.

तार सप्तकात नुसता जोर लावला की सूर चढतो आणि कर्कश होतो. म्हणून तंबोऱ्याबरोबर मध्य आणि तार षड्ज एकाच श्वासात, हळू आवाजात आलटून पालटून लावतो. तार षड्ज हलका लागणे हे मला द्रुत तानेपेक्षा मोठे यश वाटते. तार गंधारापर्यंत मध्य सप्तकाचीच बोटे चालतात. तार पंचमाला मात्र पहिले छिद्र उघडे ठेवावे लागते आणि खालच्या बोटांची ठेवण प्रत्येक बासरीगणिक थोडी बदलते, त्यामुळे ती आपल्या वाद्यावर ऐकूनच ठरवावी.

मंद्र पंचमाला फुंक सैल आणि उबदार हवी, बाकी सारे छिद्रे नीट झाकण्यावर आहे.

आता यमन राग घेतला आहे. तीव्र मध्यमाला सगळी छिद्रे उघडी असतात, म्हणजे ‘तीव्र म प’ करताना सहाही बोटे एकदम उतरतात. विलंबित लयीत ती आता एकत्र पडू लागली आहेत, मध्य लयीत अजून नाहीत.