अक्का, सगळं परत लिहूया की

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्या ऑफिसात आम्ही दोघंच. मी, आणि खानापूरहून रोज बसनं येणारा एक पोरगा. बेळगावात टिळकवाडीला रेल्वे गेटाजवळ जागा आहे. गेट पडलं की खाली हॉर्नचा कालवा सुरू होतो आणि फोनवर कुणाशी बोलायची सोय राहत नाही. मग आम्ही एकमेकांशी बोलतो. गेल्या महिन्यात असंच गेट पडलेलं असताना तो म्हणाला, "अक्का, पिग्मीचं सगळं परत लिहूया की. स्वेल्टमध्ये." स्वेल्ट हे एक फ्रेमवर्क, म्हणजे वेबपानं बांधायचा तयार सांगाडा.

पिग्मी आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. एजंट दुकानोदुकानी फिरतो, पन्नास-शंभर रुपये घेतो, रोज संस्थेत भरतो. १९२८ साली सिंडिकेट बँकेनं उडुपीत ही पद्धत सुरू केली (बँकेचं नाव तेव्हा वेगळं होतं). आज इथल्या पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्था तिच्यावर चालतात. एका संस्थेचं पिग्मीचं सॉफ्टवेअर मी २०१४ साली लिहिलं, सर्व्हरसाठी पीएचपी आणि ब्राउझरसाठी जेक्वेरी वापरून. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सरकारी कागदावर 'बेळगाव'चं 'बेळगावी' झालं, आणि गावाचं नाव मी पावतीच्या प्रत्येक फाईलीत हातानं टाईप केलेलं होतं. घरी आम्ही अजून बेळगावच म्हणतो, पण पावतीला ते चालत नाही. तीन रात्री गेल्या.

तर स्वेल्ट. पोराची बाजू खोटी नव्हती. माझ्या जेक्वेरीत एक बटण हलवलं की तिसऱ्या स्क्रीनवर काहीतरी बंद पडतं. स्वेल्ट तुमचा कोड आधीच कम्पाईल करून ठेवतं, ब्राउझरकडे मोजकंच जातं. लिहायला सुटसुटीत, वाचायला त्याहून. मी त्याला दोन आठवडे दिले, एकच पान करून दाखव म्हटलं. त्यानं छान केलं. फक्त पहिले दोन दिवस जुना व्हिडिओ बघून 'डॉलर-कोलन' ही स्वेल्टची जुनी खूण लिहीत बसला. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वेल्ट ५ आलं आणि ही पद्धत बदलून 'रून्स' नावाच्या नव्या खुणा आल्या. जुनं अजून चालतं, पण नवीन कागदपत्रं वेगळी भाषा बोलतात.

इथं माझी जुनी जखम दुखते. २०१५ साली वडगावातल्या एका साडीवाल्याला सुताचा हिशेब मी मोठ्या हौसेनं अँग्युलरजेएस नावाच्या फ्रेमवर्कमध्ये करून दिला. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अँग्युलर २ आलं, आणि माझा कोड त्यात जसाच्या तसा जाईना. २०२१ संपता संपता जुन्याचा आधारही संपला. निवड माझीच होती, दोष कुणाला द्यायचा? तो हिशेब आजही चालू आहे. काही बिघडलं की मला स्कूटर काढून जावं लागतं, कारण दुसऱ्या कुणाला ते उघडायची इच्छा नाही.

स्वेल्टऐवजी रिअॅक्ट घे, माणसं मिळतील, असं मित्र म्हणतात. मिळतात की. शिकतात, आणि पुण्याला किंवा बेंगळुरूला जातात. एचटीएमएक्स मला मनापासून आवडलं. सर्व्हरनं पानाचा (एचटीएमएलचा) तुकडा पाठवायचा, तो जागेवर बसतो. माझ्या पीएचपीच्या अगदी वळणाचं. पण त्याला क्लिक केलं की सर्व्हर लागतो. जांबोटीच्या पुढं रेंज नसते, तिथं कुठला सर्व्हर?

शेवटी मी एक दिवस एजंट काकांबरोबर फिरले. हे आधीच करायला हवं होतं. पाऊस भुरभुरत होता. किराणा दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहून त्यांनी शंभराची नोट घेतली, आधी वहीत पेन्सिलनं लिहिलं, मग फोन काढला. स्क्रीनगार्डला तडा, त्यावर थेंब. 'जमा' दाबलं. चाक फिरत राहिलं. दुकानदार बघतोय. ओला अंगठा शर्टाला पुसून काकांनी परत दाबलं. संध्याकाळी त्या खात्यावर दोनशे.

"हे असंच करतंय बघ पावसाळ्यात," काका म्हणाले, जणू काही ते सॉफ्टवेअर नसून दारातली म्हैस आहे.

हे दुखणं कुठलंच फ्रेमवर्क बरं करणार नव्हतं. पोराच्या स्वेल्टच्या पानावरही दोनदा दाबून बघितलं, दोनशेच झाले. मग जुन्याच पानात आम्ही दुरुस्ती केली. फॉर्म उघडतानाच फोनवर नोंदीला वेगळा क्रमांक मिळतो. बटण दाबताना क्रमांक दिला तर दोनदा दाबल्यावर दोन क्रमांक होतील. डेटाबेसमध्ये तो रकाना युनिक केला, म्हणजे एक क्रमांक एकदाच बसतो. तोच क्रमांक परत आला तर सर्व्हर फक्त 'मिळालं' म्हणतो, पैसे चढवत नाही. नोंद आधी फोनमधल्या इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरच्या साठवणीत) पडते आणि रेंज आली की वर जाते. चार दिवसांचं काम. जाता जाता वेबफॉन्टही (इंटरनेटवरून उतरणारे अक्षरसाचे) काढून टाकले, कारण अँड्रॉइडमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही असतंच. बटणाची उंची मात्र वाढवावी लागली: मराठीचे रफार वर जातात, कन्नडची ओत्ताक्षरं (जोडाक्षरातली खालची अक्षरं) खाली लोंबतात, आणि आमची बटणं दोन्हींकडून कापली जात होती.

मग स्वेल्टचं काय? पिग्मीला नाही. मॅनेजरांच्या मासिक रिपोर्टचं पान मी पोराला स्वेल्टमध्ये करायला दिलंय. ते ऑफिसच्या वायफायवर चालतं, बघणारे दोघं, बिघडलं तर कुणाचे पैसे अडकत नाहीत. अट एकच: दर शुक्रवारी त्यानं त्यातलं काहीतरी मोडून ठेवायचं आणि मी त्याला न विचारता दुरुस्त करायचं. पहिल्या शुक्रवारी मला दीड तास लागला. तो खुर्चीत बसून चहा पीत होता आणि गालात हसत होता.

काका अजून आधी वहीतच लिहितात. परवा फोन आला होता: बटण मोठं झालं ते बरं झालं, आता आकडेही मोठे करा म्हणे, चष्मा घरी राहतो.