खिडकीतून टाकलेलं दप्तर

जून निम्मा झाला की सातारा स्टँडवर सकाळच्या वेळी एक माप मोठे घेतलेले गणवेश दिसू लागतात. परळी, ठोसेघर, मेढा, चहूकडच्या गाड्या लागतात आणि त्यातून हायस्कूलची नवी पोरं उतरतात. गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत, कुठं कुठं चौथीपर्यंतच. पुढं शहर गाठायचं. यातली दोघं-तिघं अगदी चिकटून चालत असतात. पंधरा ऑगस्टच्या झेंड्यापर्यंत ती बहुधा वेगवेगळी चालू लागतात. भांडण काहीच झालेलं नसतं.

होतं काय, तर याद्या लागतात. गावाकडं वर्गाचा पट दहा-बाराचा, इथं एकेका तुकडीत पन्नास-साठ. कुठं मार्क बघून तुकड्या पाडतात, कुठं नुसती नावं वाटत जातात. सात वर्षं एका बसकरपट्टीवर मांडी घातलेली दोघं एका दुपारीत ‘अ’ आणि ‘क’ होतात. तुकडी बदलून हवी असेल तर पहिल्या आठवड्यातच, हजेरीपट पक्का व्हायच्या आत, वर्गशिक्षकांना गाठावं. पालक येतात जुलैत. तेव्हा सर पट उघडून नुसता दाखवतात.

मग ‘क’मधला मधल्या सुट्टीत ‘अ’च्या दाराशी पळतो. तोवर तिथला बाकशेजाऱ्याबरोबर नळावर गेलेला. असं चार दिवस झालं की पाचव्या दिवशी पाय तिकडं वळत नाहीत. याला बेइमानी म्हणू नये. बाक दिवसभर शेजारी असतो, दार सुट्टीपुरतंच.

आठवीपर्यंत शाळेतली खिचडी असते. ओळीत बसलं की कोण एकटं आहे ते दिसत नाही. नववीला डबा सुरू होतो आणि तो कुणाबरोबर उघडायचा हे रोज नव्यानं ठरवावं लागतं. एकट्या पोराचा डबा ओळखू येतो. भाकरी कडेनं कुरतडलेली, चटणी कागदात तशीच. ‘भूक नव्हती व्हय रं?’ असं आई विचारते, तोही मान हलवतो. दर सोमवारी सकाळी पोट दुखायला लागलं तर ओवा देण्याआधी हा डबा आठवावा. ‘मार्क किती पडले’पेक्षा ‘कुणासंगं जेवलास’ हा प्रश्न कामाचा. पण तोही रोज विचारू नये, पोरं उत्तर तयार ठेवतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली याच साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथं निरनिराळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवत. पंगतीचं काम भाषणानं होत नाही.

नवी ओळख नाव विचारून फारशी होत नाही, वही मागून होते. गाडी चुकून पहिला तास बुडाला, वही घरी नेली, की ती परत द्यायला जावंच लागतं. एका वहीत दोन भेटी. कर्कटक मागितलं तर तासाच्या आत परत, त्यात काही जमत नाही. ज्याला बोलायचंच संकट वाटतं त्यानं खो-खोत नाव द्यावं. मैदानावर नऊ जण लागतातच. आठ बसलेले, शेजारशेजारच्यांची तोंडं उलट दिशांना, त्यामुळं एकमेकांकडं बघायचीही भीड नाही, आणि बोलायचं अक्षर एकच. अडचण सरावाची. तो शाळा सुटल्यावर, आणि ती गाडी हुकली तर घरी पोचायला दिवेलागण. शनिवारची शाळा सकाळची, तेव्हा थांबायला हरकत नाही. नव्या दोस्ताचं घर कोरेगावला निघालं तर आणखी पंचाईत, कारण पास चालतो घर ते शाळा एवढाच.

जुन्या दोस्तासाठी मात्र तोच पास पुरतो. तुकड्या दोन झाल्या तरी परतीची गाडी एकच. गाडी फलाटाला लागता लागता जो आधी पोचला तो खिडकीतून दप्तर आत फेकतो, मग दारातल्या रेटारेटीतून सावकाश चढतो. स्वतः खिडकीशी बसतो, दप्तर शेजारच्या जागेवर.

‘हे कुणाचं रं? उचल की.’

‘माणूस हाय, येतोय.’