प्लॅटिनम-सिरियावरचा ऑक्सिजन रामन वर्णपटात पकडताना

सिरियावर (सेरियम ऑक्साइडवर) १ टक्का प्लॅटिनम असलेल्या उत्प्रेरकावर ऑक्सिजन सोडला की रामन वर्णपटात, म्हणजे नमुन्यावरून विखुरलेल्या लेसरच्या प्रकाशात रेणूंची कंपनं रेषांसारखी दिसतात त्या आलेखात, ११२६ सेमी⁻¹ला रेषा उगवते (पुढचे रेषांचे आकडेही याच एककात). ती सुपरऑक्साइडची (एक जादा इलेक्ट्रॉन घेतलेल्या ऑक्सिजन रेणूची) असते, पण प्लॅटिनमवरच्या नव्हे. प्लॅटिनमच्या (१११) या स्फटिक-पृष्ठावर रेणुरूप ऑक्सिजन ८७० आणि ६९०ला दिसतो, तोही साधारण १०० केल्विनला. १५० केल्विनच्या वर तो फुटतो किंवा उडून जातो. धातूचं काम इथे वेगळं आहे: तो सिरियातल्या रिकाम्या जागा (ऑक्सिजन निघून गेल्यावर उरणाऱ्या) कमी तापमानाला उघडून देतो.

मी ५० मिलिग्रॅम पूड कपात सैल भरतो. आधी २० टक्के ऑक्सिजनमध्ये ५०० °से.ला एक तास. ही पायरी गाळू नका. हवेत राहिलेला सिरिया कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो आणि कार्बोनेटची रेषा १०६०च्या आसपास पडते. पुढे ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड समस्थानिक) दिल्यावर सुपरऑक्साइडची रेषा सरकून यायची ती नेमकी १०६२ला!

मग ५ टक्के हायड्रोजनमध्ये ३०० °से.ला एक तास, आणि त्याच तापमानाला अर्धा तास आर्गॉन. आर्गॉनला वेळ कमी दिला तर उरलेल्या हायड्रोजनचं ऑक्सिजन येताच पाणी होतं आणि ते रिकाम्या जागा अडवतं. तुलनेसाठीचा नुसता सिरिया मात्र ५०० °से.ला क्षपित करा, म्हणजे हायड्रोजननं त्यातला ऑक्सिजन काढा. ३००ला तो फारसा हलतच नाही.

क्षपणानंतर फिकट पिवळी पूड निळसर-काळी होते आणि ५३२ नॅनोमीटरचा लेसर जोरात शोषते. सिरियाची ४६४ची रेषा खाली सरकली, तर ते क्षपणामुळे की तापल्यामुळे? लेसरची शक्ती निम्मी करून पाहा. रेषा परत वर आली तर नमुना भाजत होता. नमुन्यावर १ मिलिवॉटच्या आत राहणं मला बरं वाटतं.

ऑक्सिजन-१८ देताना १५५५ची बारीक रेषा तशीच राहिली तर घाबरू नका, ती लेसरच्या वाटेतल्या खोलीतल्या हवेची. नळीतला वायू १४६७ला दिसेल. शोषलेल्या रेणूची रेषा १०६२ऐवजी १०९४ला आली, तर सिरियाच्या स्फटिक-जालकातला साधा ऑक्सिजन मिसळला आहे. तापमान उतरवून पुन्हा करा. ८३१ची पेरॉक्साइड (दोन जादा इलेक्ट्रॉन घेतलेला ऑक्सिजन रेणू) रेषाही तपासून घ्या. नमुना तापवत नेला की सुपरऑक्साइड आधी जातो, पेरॉक्साइड मागे रेंगाळतो.