एकोनला जाऊन आलो: पोपना 'नाही' म्हणणाऱ्या बिशपचं गाव

स्वित्झर्लंडला येणारी आपली मंडळी युंगफ्राऊ, तितलिस, इंटरलाकेन करतात आणि परत जातात, त्यात वाईट काही नाही, पण मी वसईचा कॅथलिक आणि कामानिमित्त जिनिव्हात राहतो, त्यामुळे मला कधीपासून एका वेगळ्याच जागी जायचं होतं. एकोन. वाले प्रांतातल्या रिद गावाची वाडी म्हणा, नकाशात बोटांनी मोठं करून शोधावी लागते. 30 जून 1988 ला इथल्या कुरणात 82 वर्षांच्या एका आर्चबिशपनी पोपची परवानगी नसताना चार धर्मगुरूंना बिशपपदाचा अभिषेक केला, आणि तेव्हा चर्चमध्ये जी फूट पडली ती अजून भरून निघालेली नाही.

ट्रेन जिनिव्हाहून लेमान सरोवराच्या काठाकाठाने जाते (उजवीकडची खिडकी पकडा, तळं त्या बाजूला), लोझान, मोंत्रो मागे पडलं की डोंगर जवळ यायला लागतात आणि मग येतं सें-मोरीस. इथं मी मुद्दाम उतरलो. कड्याला अगदी चिकटून मठ आहे, 515 साली बरगंडीच्या सिगिसमुंड राजाने स्थापन केलेला, आणि तेव्हापासून तिथं प्रार्थना सुरू आहे. मठ ज्या संत मॉरिसच्या नावाने आहे त्याची कथा अशी सांगतात की तो इजिप्तकडून आलेल्या रोमन पलटणीचा सरदार, सम्राट माक्सिमियनने या ख्रिस्ती शिपायांना असा हुकूम दिला जो त्यांना धर्मामुळे पाळताच येईना, म्हणून दर दहातला एक मारला, तरी ऐकेनात, मग पुन्हा दहातला एक, शेवटी सगळेच. शिस्तीत वाढलेली माणसं, आयुष्यभर हुकूम पाळलेली, आणि एका हुकमापाशी थांबली. मात्र त्यांना हुकूम देणारा सम्राट बाहेरचा होता, मूर्तिपूजक होता. हुकूम देणारा आपलाच बाप असेल तर काय करायचं? एकोनचा प्रश्न हा आहे.

मार्तिन्यीत मुक्काम केला आणि रविवारी सकाळी लोकलने रिदला उतरलो. जून महिना, जर्दाळू अजून हिरवे, समोरच्या उतारावर द्राक्षमळे, डोक्यावर हाय टेन्शनच्या तारा. स्टेशनपासून एकोन चालत जाण्यासारखं आहे. आधी जुनं घर लागतं, हे पूर्वी ग्रेट सेंट बर्नार्डच्या संन्याशांचं होतं, 1968 मध्ये इथल्याच काही श्रद्धाळू गृहस्थांनी ते विकत घेऊन वाचवलं आणि पुढे त्या आर्चबिशपना, म्हणजे मार्सेल लफेव्र यांना, सेमिनरीसाठी (धर्मगुरू घडवायच्या शाळेसाठी) दिलं. शेजारी मोठं नवं चर्च. महिनाअखेरीच्या दीक्षाविधीची तयारी चालू होती, काळ्या झग्यातली पोरं खुर्च्या वाहत होती.

मार्सेल लफेव्र कोण हे आपल्याकडे कमी लोकांना ठाऊक असेल म्हणून सांगतो. फ्रान्सच्या तुर्क्वाँचे, जन्म 1905. मिशनरी म्हणून गॅबनमध्ये राबले, डाकारचे आर्चबिशप झाले, फ्रेंच भाषक आफ्रिकेत पोपचे प्रतिनिधी होते, नंतर होली घोस्ट संघाचे प्रमुख. म्हणजे हा कुणी कोपऱ्यातला तिरसट पाद्री नव्हता, आयुष्यभर आज्ञा दिल्या आणि पाळल्या असा माणूस. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (जगभरच्या बिशपांची रोममधली सभा, 1962 ते 65) ते बसले होते आणि तिथंच त्यांचं बिनसलं. 1969 ला पोप सहावे पॉल यांनी नवी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणली, त्यांनी जुनी लॅटिनच धरून ठेवली. 1970 मध्ये फ्रिबूर्गच्या बिशपच्या रीतसर परवानगीने संत दहावे पायस यांच्या नावाने बंधुसंघ काढला, 1975 मध्ये ती परवानगी काढून घेतली गेली, 29 जून 1976 ला रोमने मनाई केलेली असताना त्यांनी 13 जणांना धर्मगुरूपदाची दीक्षा दिली आणि पुढच्या महिन्यात त्यांच्यावर निलंबन आलं. तरी काम थांबवलं नाही.

चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. फादर वेदीकडे तोंड करून, आपल्याकडे पाठ. बायकांच्या डोक्यावर जाळीदार ओढण्या, कडेवर पोरं, इतकी लहान मुलं मी युरोपातल्या चर्चमध्ये कधी पाहिली नव्हती. माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी बाई, हातात जाडजूड मिस्सल (मिस्सेचं पुस्तक), पानं कडेला बोटांनी काळी झालेली, पाच रंगांच्या फिती खाली लोंबत होत्या, आणि ती न बघता बरोबर फीत उचलून बरोबर पान काढत होती. एका बाजूला लॅटिन, दुसऱ्या बाजूला फ्रेंच. फादर म्हणाले 'दोमिनुस वोबिस्कुम' आणि सगळ्या चर्चचा एकदम आवाज आला, 'एत कुम स्पिरितू तुओ'. प्रभू तुमच्याबरोबर असो, आणि तुझ्या आत्म्याबरोबर.

हे शब्द मी लहानपणापासून ओळखतो. माझी आजी, लाल लुगडं नेसणारी, शाळेचं तोंड न पाहिलेली, लॅटिनचं अक्षर कळत नव्हतं, पण हे उत्तर तिच्या तोंडात शेवटपर्यंत होतं. साठच्या दशकानंतर वसईत मराठी मिस्सा आली, तिला विचारलं कसं वाटलं तर म्हणायची की शुभवर्तमान कळायला लागलं हे फार चांगलं झालं, पण आमची जुनी मिस्सा घेतलीत ती आम्हाला विचारून नाही. दोन्ही गोष्टी एकाच दमात. मी स्वतः मराठी मिस्सेत वाढलो, माझी प्रार्थना मराठीत आहे आणि ती मला कुणी लॅटिनच्या बदल्यात मागितली तर मी देणार नाही. पण आजीचं दुसरं वाक्यही खरं होतं आणि ते रोममध्ये कुणी नीट ऐकून घेतलं नाही असं मला मनापासून वाटतं. हजारो साध्या माणसांची प्रार्थना एका आदेशाने बदलायची आणि दुखलं म्हणाले की त्यांना हट्टी म्हणायचं, हे बरोबर नव्हतं.

मिस्सेनंतर आवारात लोक घोळक्याने गप्पा मारत उभे होते, ती मिस्सलवाली बाई ल्योंजवळची निघाली, माझं मोडकं फ्रेंच सांभाळून घेत बोलली. 1988 ला नवऱ्याबरोबर ती याच कुरणात होती. "आम्ही कुठेच गेलो नाही मिस्यू, आम्ही होतो तिथंच आहोत, हललं ते रोम." हे वाक्य इकडे बऱ्याच जणांच्या तोंडी असतं. मी विचारलं, तुमच्या घरात सगळे आले होते? तर म्हणाली, दीर नाही आला. तोपर्यंत दर रविवारी आमच्याबरोबर असायचा, पण म्हणाला की मिस्सा माझीही हीच, पण पोपला सोडून नाही. त्यानंतर नाताळचं जेवण एकत्र आणि मिस्सा मात्र वेगवेगळ्या ठिकाणी, असं आजतागायत.

चर्चच्या खाली तळघरात लफेव्र यांची समाधी आहे, 2020 मध्ये त्यांचे अवशेष इथं आणले. ते गेले 25 मार्च 1991 ला, मार्तिन्यीच्या हॉस्पिटलात. संत पौलाचं एक वाक्य आपल्या थडग्यावर कोरा असं त्यांनी सांगून ठेवलं होतं: मला जे मिळालं तेच मी पुढे दिलं. तिथं गुडघे टेकून काही लोक रोझरी म्हणत होते. मी पण टेकले, माणूस म्हणून त्यांच्याबद्दल आदर आहेच.

पण तिथं बसल्यावर जो विचार डोक्यातून जाईना तो लिहितो. परिषदेचं ज्या गोष्टीवर लफेव्र यांच्याशी सगळ्यात जास्त वाजलं ती नुसती लॅटिन नव्हती, ती होती धर्मस्वातंत्र्याची घोषणा, 7 डिसेंबर 1965 ची, 2308 विरुद्ध 70 मतांनी मंजूर झालेली. माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीवर कुठल्याही सरकारने जबरदस्ती करू नये असं त्यात आहे. लफेव्र यांना ते पटलं नाही, चूक शिकवणीला हक्क कसला असं त्यांचं म्हणणं. आणि मग त्याच माणसावर वेळ आली की पोप एक सांगतायत आणि आतून दुसरं सांगितलं जातंय. ते स्वतः सहसा 'माझी सदसद्विवेकबुद्धी' असा दाखला देत नसत, ते म्हणत आणीबाणीची परिस्थिती आहे, श्रद्धाच धोक्यात असेल तर आज्ञापालन श्रद्धेच्या वर नाही. पण श्रद्धा धोक्यात आहे हे ठरवलं कुणी? त्यांनीच ना, स्वतःच्या मनाशी, रात्र रात्र प्रार्थना करून? मला यात ढोंग दिसत नाही, फार मोठी वेदना दिसते. फक्त जी मोकळीक ते आयुष्यभर दुसऱ्यांना द्यायला तयार नव्हते तिच्याच आधाराने ते उभे होते, हे त्यांना मानणाऱ्यांनी एकदा बोलून दाखवावं असं मला वाटतं.

1988 ला काय झालं ते बघा. बिशपशिवाय कुणी धर्मगुरू घडवू शकत नाही, लफेव्र थकले होते, ते गेले की सेमिनरी आपोआप बंद. 5 मेला कार्डिनल रात्झिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट) यांच्याबरोबर कागदावर सह्या झाल्या, जुनी मिस्सा राहील, संघाला मान्यता, संघातलाच एक बिशप मिळेल. रात्रभर तळमळून दुसऱ्याच दिवशी लफेव्र यांनी पत्र लिहून शब्द मागे घेतला, बिशपची तारीख पुढे ढकलतायत, हे आपल्याला खेळवतायत अशी त्यांची खात्री झाली. 29 जूनला रोमहून तार आली, अभिषेक करू नका, रोमला निघून या. गेले नाहीत. विधीत परंपरेने विचारतात की पोपचं आज्ञापत्र आहे का, त्या दिवशी आहे म्हणून उत्तर दिलं आणि पोपचं नव्हे तर परंपरेशी सदैव एकनिष्ठ राहिलेल्या रोमन चर्चच्या नावाने लिहिलेलं वाचलं. इथं मी त्यांच्याबरोबर नाही. नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणा, आहे म्हणू नका.

आपल्याकडेही हे होऊन गेलंय. मुंबईत पाद्रोआदो (पोर्तुगालच्या राजाच्या हक्कातले बिशप) आणि प्रोपगांडाचं (थेट रोमने नेमलेले) भांडण शंभराहून अधिक वर्षं चाललं, शेजारशेजारच्या चर्चांवर वेगवेगळ्या बिशपांचा अंमल. आणि गोव्याचे फादर अल्वारिस, 1886 चा पोप आणि पोर्तुगालमधला करार न पटल्याने बाहेर पडले, 1889 मध्ये केरळात ऑर्थोडॉक्स चर्चकडून बिशप झाले, बहिष्कृत झाले, कॉलऱ्याच्या साथीत आजाऱ्यांसाठी राबले, 1923 ला वारले. त्यांची समाधी रिबंदरला आहे, गोव्याला जाणाऱ्या कितीजणांना माहीत असते?

दुसऱ्या दिवशी फ्रिबूर्गला गेलो आणि तिथून ओतरीव्हचा सिस्टर्शियन पंथाच्या संन्याशांचा मठ. 1138 पासूनचा, सारीन नदीच्या वळणात, चारी बाजूंनी झाडी. बसमधून उतरून उतार चालत जावा लागतो. अभिषेकानंतर जेमतेम तीन आठवड्यांत, 18 जुलै 1988 ला, एकोनच्या वाटेने पुढे न गेलेले डझनभर धर्मगुरू आणि वीसेक सेमिनारियन यांनी इथं संत पेत्राचा बंधुसंघ स्थापन केला. हीच मिस्सा, हेच शिक्षण, त्याच टेबलावर जेवलेली माणसं. ज्या गुरूने घडवलं त्याला सोडून आले, आणि ज्या रोमकडे आले तिथले कित्येक बिशप यांना दारात उभं करायला तयार नव्हते, छप्पर नव्हतं, पैसे नव्हते. पाठीमागून घरभेदी म्हणून शिव्या. शेवटी आउग्सबुर्गच्या बिशपनी बव्हेरियात विग्रात्सबादला जागा दिली.

एकोनच्या चार बिशपांवर जगभर पानंच्या पानं छापून आली. त्यातल्या विल्यमसन यांनी ज्यूंचा संहार नाकारला, 2009 मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी त्या अभिषेकामुळे चौघांवर आलेला बहिष्कार उठवला नेमकी तेव्हाच ती मुलाखत बाहेर आली, केवढी नाचक्की झाली, 2012 ला त्यांच्याच संघाने त्यांना काढून टाकलं. या ओतरीव्हच्या पोरांवर मात्र कुणी फार लिहीत नाही. मठात मला तरी कुठं त्या दिवसाची पाटी दिसली नाही. माझ्या मते सगळ्यात अवघड ते त्यांनी केलं, दोन्हीकडून तुटत असताना दोन्ही धरून ठेवलं.

म्हणूनच 16 जुलै 2021 च्या निर्णयाचा मला राग आहे. मी पोप फ्रान्सिस यांना मानणारा माणूस, एकोनवाल्यांच्या धर्मगुरूंना पापनिवेदन ऐकायचा अधिकार त्यांनीच दिला, केवढं मोठं मन. पण त्या दिवशी त्यांनी जुन्या मिस्सेवर बंधनं आणली, धर्मग्रामाच्या (स्थानिक पॅरिशच्या) चर्चमध्ये नको, यापुढे दीक्षा घेणाऱ्या धर्मगुरूने ती करायची तर बिशपकडे अर्ज करायचा आणि बिशपने आधी रोमला विचारायचं. संत पेत्राच्या संघाला फेब्रुवारी 2022 मध्ये वेगळं पत्र देऊन सूट मिळाली, पण साध्या धर्मग्रामांतले जे छोटे गट बिशपच्या परवानगीने गुपचूप चालले होते त्यातले बरेच गेले. एकोनला काडीचा फरक पडला नाही, ते परवानगी मागतच नव्हते.

ल्योंच्या त्या बाईंचा दीर अशाच एका गटात होता. तिथली जुनी मिस्सा बंद झाल्यापासून तो दर रविवारी तासभर गाडी चालवून दुसऱ्या बिशपच्या हद्दीत मिस्सेला जातो, वय ऐंशीच्या पुढे. आमचं चॅपल त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, बाई म्हणाल्या, तिथं तीच मिस्सा आहे, पण येत नाही, आणि पोपवर रागावतही नाही, मीच रागावते त्याच्या वतीने. मला त्या माणसाला भेटायचंय. बाईंनी गावाचं नाव लिहून दिलंय आणि जिनिव्हाहून ल्यों काही लांब नाही.