आमची वाटचाल : चार बेटांची रम आणि एक गढूळ टाकी

आम्ही रम गाळत नाही, जुळवतो. हे आधीच सांगतो, कारण शिरोळहून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "भट्टी कुठं हाय?" भट्ट्या तिकडे कॅरिबियनमध्ये. लंडनमध्ये आमच्याकडे फक्त टाकी, नमुन्यांच्या बाटल्या आणि मावसभावाचं नाक.

आम्ही दोघं साखर कारखान्याच्या मळीच्या वासात वाढलो. त्यामुळे पहिल्यांदा हाय-एस्टर जमैकन, म्हणजे फार उग्र वासाची जमैकाची रम, हुंगली तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली, आम्हाला मात्र घरी आल्यासारखं वाटलं.

आमच्या मिश्रणाचा पाया बार्बाडोसचा, पॉट आणि कॉलम अशा दोन्ही तऱ्हांच्या भट्ट्यांतला. हलकेपणाला त्रिनिदाद. दाटपणाला गयानाचं पोर्ट मोरंट, तिथली एक जड रम. ते लाकडी पॉट स्टिलमधून, म्हणजे लाकडी भट्टीतून येतं, आणि ती लाकडी स्टिल आजही गयानातल्या डायमंड डिस्टिलरीत चालते. (गयाना बेट नाही, माहीत आहे. शीर्षकात बसवलं.) जमैका फक्त तीन टक्के. ती म्हणजे फोडणीतला हिंग. चार टक्के घातली की काळ्या पडलेल्या केळ्याचा वास सुटतो आणि बाकीचे तिघं गप्प बसतात. हे एका टक्क्याचं भांडण मिटायला एकोणचाळीस नमुने लागले. शंभर मिलिलिटरचं मेजपात्र, पिपेट, अल्कोहोल मोजायचा हायड्रोमीटर, थर्मामीटर, एवढ्यावर सगळं केलं. थर्मामीटरशिवाय हायड्रोमीटर वापरू नका. थंड गोदामात तो अल्कोहोल कमी दाखवतो आणि तुम्ही फसता.

आता त्या टाकीचं. पहिली मोठी खेप, हजार लिटर, ६५ टक्के अल्कोहोलची. ती ४३ वर आणायची म्हणजे पाचशे लिटरच्या वर पाणी. बाटल्या भरून देणारा म्हणाला, "नळाचं घाला, सगळे घालतात." आम्ही ऐकलं. लंडनचं पाणी खडूच्या थरांतून येतं, किटली बघा एकदा. तीन आठवड्यांत एकवीसशे बाटल्यांच्या तळाशी पांढरे तंतू तरंगायला लागले. शुल्क भरून माल बाँडबाहेर, म्हणजे शुल्क भरेपर्यंत माल ठेवतात त्या गोदामाबाहेर, काढलेला. फ्लॅटसाठी साठवलेले पैसे त्यात. भरून देणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. मी आजही त्याच्या गल्लीतून जात नाही.

तेव्हा ब्रिक्स्टनच्या बारवाल्या बाई उभ्या राहिल्या. जन्म बार्बाडोसचा. बाटली उजेडात धरून म्हणाल्या, "पंचमध्ये कोण बघतंय? चाळीस पाठव." त्यांच्याकडचं पंचचं, म्हणजे रमच्या सरबताचं, माप जुनं: एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. चाळीसचे पैसे त्यांनी त्याच दिवशी दिले. बाकी बाटल्या आम्ही हातानं उघडल्या, परत टाकीत ओतल्या, थंड करून गाळल्या. मावसभावाच्या अंगठ्याला अजून घट्टा आहे. त्यानंतर खनिजं काढलेलंच पाणी, तेही थोडं थोडं, चार दिवसांत.

पुढची सहा वर्षं बरी गेली.

मग तो दुसरा रमवाला आला. नाव घेत नाही. आमच्यासारखीच बुटकी बाटली, आमच्यासारखाच खाकी कागद, आणि लेबलवर भला मोठा आकडा. नियम असा की वय लिहायचं तर मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या रमचं लिहायचं. आमच्यात चौदा वर्षांची गयाना आहे, पण तीन वर्षांची त्रिनिदादही आहे, म्हणून आम्ही काहीच लिहिलं नाही. त्याच्या आकड्यापुढे 'वर्षं' हा शब्द नाही, त्यामुळे त्याला कोणी धरत नाही. गिऱ्हाईक मात्र ते वयच समजतं. आमचे दोन वितरक त्याच आकड्यामागे गेले.

नवीन पोरं विचारायला येतात तेव्हा सांगतो: लेबल शेवटी करा, समुद्री चाच्याचं चित्र नको, आणि सकाळी ठेचा खाऊन नमुने चाखू नका.

पोर्ट मोरंट महागलंय. मावसभाऊ म्हणतो, दोन टक्के कमी करू, कोणाला कळणार नाही. काल कमी केलेला नमुना मुद्दाम बाईंना नेऊन दिला, काही न सांगता. त्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "धंदा ठीक चाललाय ना?"