आयएनएस दीपक, १:३५० : आता पाइप ताणायचे

मंडळी, आयएनएस दीपक या नौदलाच्या टँकरचं, म्हणजे इतर जहाजांना भर समुद्रात इंधन पुरवणाऱ्या जहाजाचं मॉडेल करतोय. त्याचा हल (जहाजाचं मुख्य अंग) आणि डेक झाला. १७५ मीटरचं जहाज १:३५० ला बरोबर ५० सेंटीमीटर होतं, त्यामुळे आकडेमोड सोपी गेली. सांगाडा अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या ५ मिलिमीटर सनबोर्डचा, वर स्टायरिनच्या पट्ट्या. पुण्याच्या पावसाळी हवेत लॅकर प्राइमरवर पांढुरका थर धरतो, म्हणून रंग उघडीप मिळेपर्यंत बाजूला ठेवला आणि तोवर मधल्या डेकवरच्या गॅन्ट्री (पाइप आणि तारा टांगायच्या उंच चौकटी) उभ्या केल्या.

मग प्रश्न आला तो जहाज कोणत्या प्रसंगातलं दाखवायचं याचा. विनाशिकेचं मॉडेल नुसतं स्टँडवर ठेवलं तरी तोफा आणि क्षेपणास्त्रं बघून तिचं काम कळतं. रसद जहाजाचं तसं नाही. त्याचा पाइप शेजारच्या जहाजावर गेल्याशिवाय त्याचं काम दिसतच नाही, आणि मला तेच दाखवायचंय.

इटलीच्या फिनकांतिएरीने बांधलेली ही दीपक २१ जानेवारी २०११ ला मुंबईत नौदलात दाखल झाली. याच नावाचं आधीचं टँकर जर्मनीत बांधलेलं, १९६७ ते १९९६ सेवेत होतं. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी मालेत समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि अख्ख्या शहराच्या पिण्याच्या पाण्याचे हाल झाले. तेव्हा आधी नौदलाचीच सुकन्या पोचली, पाठोपाठ दीपक नऊशे-हजार टन पाणी घेऊन गेली. तिच्या सेवेतला हा प्रसंग मला सगळ्यांत जवळचा वाटतो. पण त्यात भर समुद्रातली रिग, म्हणजे दोन जहाजांमध्ये ताणलेली तार आणि तिला टांगलेला इंधनाचा पाइप, दाखवता येत नाही.

म्हणून मी त्याच्या आदल्या वर्षीचा हिवाळा निवडलाय. २६ नोव्हेंबर २०१३ ला विमानवाहू विक्रमादित्य रशियातल्या सेवेरोद्विन्स्कहून निघाली आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कारवारला आली. दहा हजारांहून जास्त सागरी मैल, वाफेवर चालणारं तहानलेलं जहाज, आणि सोबतीला त्रिकंड ही फ्रिगेट (युद्धनौका) आणि दीपक. विक्रमादित्य या स्केलला ८१ सेंटीमीटर होते, ती माझ्या टेबलावर मावत नाही. शेजारी त्रिकंड येईल, साधारण ३६ सेंटीमीटरची. दोघींमध्ये १४ सेंटीमीटर, म्हणजे प्रत्यक्षातले पन्नासेक मीटर.

सध्या सगळा जीव रिगमध्ये अडकलाय. दोन जहाजांमधली मुख्य तार कायम ताणलेली राहते. जहाजं जवळ आली, लांब गेली तरी टेन्शनर ती आपोआप ओढून धरतो किंवा सैल सोडतो. होज, म्हणजे इंधनाचा पाइप, मात्र त्या तारेवर धावणाऱ्या ट्रॉल्यांना टांगलेला, झोल खात लोंबतो. दोन्ही सरळ दाखवले की जिवंतपणा गेलाच. सहा-सात इंची होज इथे जेमतेम अर्धा मिलिमीटर होतो, त्यामुळे ०.५ मिलिमीटरची सोल्डर वायर चपखल बसते. बोटाने दाबून दिलेला झोल ती तसाच धरून ठेवते. वरच्या तारेसाठी मोटार वाइंडिंगच्या तांब्यातला सर्वांत बारीक धागा घेतलाय. तो आधी एका टोकाला चिकटवायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच दुसरीकडे ओढायचा.

डोलकाठीवर गोल, चौकट (पत्त्यांतल्यासारखी), गोल अशी तीन काळी चिन्हं येतील. आपल्याला सहज वळता येत नाही, असं इतर जहाजांना सांगणारी ही खूण. नियमानुसार गोळा किमान ०.६ मीटर व्यासाचा, म्हणजे आपल्याकडे १.७ मिलिमीटर. तुळशीबागेतले सगळ्यांत बारीक काळे मणी याला चालतात. दोन चिन्हांमध्ये किमान दीड मीटर हवं, म्हणजे ४.३ मिलिमीटर. इंधन वाहत असेपर्यंत लाल ब्राव्हो निशाणही वर असतं. ते सिगारेटच्या चांदीच्या कागदावर रंगवून मोडून घेतलं, की वाऱ्यावर फडकल्यासारखं दिसतं.

पुढचं काम पाण्याचं. दोन हल समांतर पळताना मधलं पाणी अरुंद जागेतून जोराने वाहतं, दोन्ही नाळांपासून (जहाजांच्या पुढच्या टोकांपासून) निघालेल्या लाटा मध्ये एकमेकींवर आपटतात, आणि बाहेरच्या बाजू त्यामानाने शांत असतात. नुसता टिश्यू आणि ॲक्रिलिक जेल वापरून ही मधली खळबळ कोणी जमवली असेल, तर थर किती जाड ठेवला आणि होज आधी बसवला की नंतर, तेवढं कळवा.