दांडी, चिमटा आणि चार बोटांचं अंतर

ज्या सायकलवर हात सोडता येतात ती सायकल चांगली, असा आमच्या पेठेतल्या पोरांचा सरळ हिशेब होता. तासाच्या बोलीवर सायकली भाड्याने देणाऱ्या दुकानात प्रत्येक मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला असे आणि शाळा सुटली की ठरावीक नंबरांसाठी पळापळ व्हायची. दिसायला सगळ्या सारख्याच काळ्या. पण एखादी अशी असायची की बोळातून बाहेर पडून हात सोडले तरी ती आपली शहाण्यासारखी सरळ चालली आहे. आणि एखादी अशी, की नाक पुसायला एक हात उचलला तरी ती गटाराकडे निघाली. दुकानदाराचं म्हणणं एकच, “सायकलीत काही नाही, चालवणाऱ्यात आहे.” पोरं मात्र नंबर बदलून मागायची. आज वाटतं, सांगाड्याच्या अभ्यासात पोरं दुकानदाराच्या पुढे होती.

सायकल पडत का नाही, असं विचारलं की बहुतेक जण भोवऱ्याकडे बोट दाखवतात. चाक फिरतं, फिरणारी वस्तू आडवी पडायला तयार नसते, विषय संपला. विषय तिथे संपत नाही. डेव्हिड जोन्स नावाच्या एका इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायचा चंग बांधला होता. पुढच्या चाकाशेजारी त्याने जमिनीला न टेकणारं आणखी एक चाक बसवलं आणि ते उलटं फिरवलं, म्हणजे भोवऱ्याचा परिणाम फिटंफाट. सायकल तरीही चालवता आली. मग त्याने पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा उलटा फिरवून बसवला, तर ती ढकलून दिल्यावर स्वाराविना आधीपेक्षाही सरळ पळाली. आणि पुढचं चाक नेहमीच्या जागेपासून काही इंच आणखी पुढे नेल्यावर मात्र ती सोडल्या सोडल्या कोसळू लागली. हे सगळं त्याने १९७० साली छापलं. म्हणजे सायकलीचा स्वभाव बराचसा त्या चिमट्यात, आपण ज्याला फोर्क म्हणतो त्याच्यात होता. २०११ साली काही संशोधकांनी आणखी पुढे जाऊन, भोवराही नाही आणि चिमट्याची करामतही नाही, तरी आपली आपण तोल सांभाळणारी एक छोटी दुचाकी करून दाखवली. थोडक्यात, इतक्या साध्या दिसणाऱ्या वस्तूबद्दलचं भांडण अजून चालू आहे, आणि ते मला फार आवडतं.

चिमट्याची करामत घरच्या घरी बघता येते. सायकल फक्त सीटला धरून उभी करा आणि हळूच डावीकडे कलवा. हँडल आपोआप डावीकडे वळेल. चालत्या सायकलीतही हेच होतं: ती एका बाजूला पडू लागली की चाक त्याच बाजूला वळतं आणि पडणाऱ्या वजनाच्या खाली जाऊन उभं राहतं. हँडलखालची आखूड नळी तिरकी असते. ती रेघ मनातल्या मनात तशीच जमिनीपर्यंत ओढली, तर चाक जिथे टेकलं आहे त्याच्या थोडी पुढे टेकते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. साधारण पाच ते सात सेंटीमीटर, फार तर चार बोटं. ते वाढलं की हँडल जड आणि सायकल हट्टी. कमी झालं की हँडल हलकं आणि सायकल चुळबुळी. फोर्कची खालची टोकं पुढे वळवलेली असतात ती धक्के खाण्यासाठी, असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. थोडेफार धक्के ती खातातही. पण मुख्य काम हे अंतर आटोक्यात ठेवण्याचं. वळण जितकं जास्त, तितका ट्रेल कमी.

आमचे सायकलवाले काका यातला एकही शब्द वापरत नसत. धडकलेली सायकल आली की ते ती भिंतीपासून दूर उभी करायचे, दहा पावलं मागे जायचे आणि एक डोळा मिटून बघायचे. “चिमटा मागं बसलाय.” बस्स. मागे बसलेल्या चिमट्याची लक्षणं मग आम्हालाही पाठ झाली: वळताना चपलेचं टोक मडगार्डला लागतं, हँडल उगाच जड होतं, आणि सायकल आखूड झाल्यासारखी वाटते, कारण ती खरोखरच आखूड झालेली असते. काका चिमटा काढायचे, एका लोखंडी पाइपात अडकवून रेटायचे, परत बसवायचे आणि समोरच्या रस्त्यावर एक चक्कर मारून यायचे. हात सोडून. भाड्याच्या दुकानातल्या गटारप्रेमी सायकलींचं रहस्यही बहुधा हेच असणार. रोज नवा शिकाऊ स्वार, रोज नवी भिंत.

ती काळी सायकल मुळात इंग्रजांची. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने रोव्हर ही जवळपास सारख्या उंचीच्या चाकांची आणि साखळीने मागचं चाक फिरवणारी सायकल आणली. पुढच्या काही वर्षांत दोन त्रिकोण एकमेकांना चिकटलेला तो सांगाडा पक्का झाला, आणि आजही तोच आहे. आपल्याकडे १९५१ पासून सोनीपतला ॲटलस आणि १९५६ पासून लुधियानाला हीरो यांनी त्याचीच जड, ऐसपैस, अठ्ठावीस इंची आवृत्ती गावोगाव पोचवली. ॲटलसचा शेवटचा कारखाना २०२० साली बंद पडला तो नेमका जागतिक सायकल दिनी, म्हणजे ३ जूनला. अशा योगायोगांवर मी विश्वास ठेवत नाही, पण चुटपुट लागतेच.

या काळ्या सायकलीला जड म्हणून नावं ठेवायची फॅशन आहे. जड ती आहेच. पण तिचे कोन बघा. हँडलची नळी जमिनीशी जेमतेम सदुसष्ट-अडुसष्ट अंशांत, सीटखालची नळीही तितकीच मागे रेललेली. शर्यतीच्या सायकलीत हेच कोन त्र्याहत्तरच्या आसपास असतात. पाच-सहा अंशांचा फरक, पण स्वभावात जमीन-अस्मानाचं अंतर. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर काळीत साधारण ११५ सेंटीमीटर, शर्यतीच्या सायकलीत १०० च्या आत-बाहेर. एवढी लांब सायकल खड्ड्यात गेली तरी चटकन नाक खुपसत नाही. माणूस ताठ बसलेला, वजन कमरेवर, कमरेखाली सीटच्या स्प्रिंगा, मनगटांवर काही नाही. तिची घाई अशी कधी होतच नाही. धोतरातल्या, टोपीतल्या, मागे दुधाचे कॅन बांधलेल्या माणसासाठी आणि डांबर हा जिथे अपवाद आहे अशा रस्त्यासाठी ज्याने कोणी हे कोन ठरवले, त्याने ते नीट विचार करून ठरवले.

याची किंमत एका ठिकाणी मोजावी लागते आणि ती प्रत्येक घरातल्या भाजी आणणाऱ्याने मोजलेली आहे. तिरकी नळी असली की हँडल जरा वळलं तरी सायकलीचं पुढचं अंग किंचित खाली उतरतं, आणि वजनाला खाली जायला आवडतं. म्हणून काळी सायकल स्टँडवर लावली की तिचं हँडल आपलं आपण एका बाजूला मान टाकतं. वेगात हे कळत नाही. पण मंडईतून निघताना हँडलला एका बाजूला कांदे-बटाट्यांची पिशवी अडकवा आणि गर्दीतून हळू चालवा. हँडल सतत त्या पिशवीचं ऐकू लागतं. म्हणून जाणकार दूधवाले सगळा भार मागे, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना आणि होता होईल तेवढा खाली टांगायचे. मागेही फार झाला तर पुढचं चाक हलकं होऊन हँडल पाण्यावर ठेवल्यासारखं लागतं. कॅरिअरवर धिप्पाड मित्र डबलसीट घेऊन चढ चढलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. त्यापेक्षा पुढे दांडीवर बसलेलं पोर बरं. त्याचं वजन दोन्ही चाकांच्या मधोमध असतं, त्यामुळे तक्रार करतं ते पोर, सायकल नाही.

दांडीचं महत्त्व ती नसली की कळतं. साडी नेसलेल्या बाईला चढता यावं म्हणून लेडीज सायकलीची वरची नळी खाली वाकवली आणि त्याबरोबर वरचा त्रिकोण मोडला. त्रिकोण मोडला की सांगाडा पिळवटतो. रिकाम्या सायकलीवर ते जाणवत नाही. पण कॅरिअरवर गव्हाचा डबा ठेवून दळणाला निघालात की मागचं अंग एक म्हणतं आणि पुढचं दुसरं. याच्या अगदी उलट, ओझी वाहणाऱ्यांच्या सायकलींना एकाखाली एक अशा दोन दांड्या. दिसायला ओबडधोबड, पण सिमेंटचं पोतं लादलं तरी सायकल एका सुरात चालते.

आता पुण्यात रविवारी पहाटे जी रंगीत मंडळी बोरघाट किंवा दिवेघाटाकडे निघतात, त्यांच्या शर्यतीच्या सायकली या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला. एकदा एका मित्राच्या तशा सायकलवर बसलो. मान वळवून मागे बघितलं तर सायकलही वळली! सवय झाल्यावर मात्र गंमत कळते. मागचं चाक सीटच्या अगदी पोटाशी, त्यामुळे पायडलवर जोर दिला की ती लगेच उत्तर देते. वळणावर विचार करावा आणि वळून झालेलं असावं. उतारावर कधी कधी अशा सायकलीचं हँडल वेगात थरथरू लागतं. तेव्हा घाबरून हँडल आवळायचं नसतं. गुडघा दांडीला टेकवायचा, थरथर बहुतेक वेळा विरते. नळीतली लाट अशी पायाने मुकी करता येते हे मला अजूनही जादूसारखं वाटतं.

याच मंडळींत चहाच्या टपरीवर हमखास रंगणारा वाद म्हणजे स्टील की कार्बन. स्टील म्हणे मऊ, ॲल्युमिनियम हाडं मोडतं, कार्बन लोणी. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. वरून खाली येणाऱ्या धक्क्यापुढे तो दुहेरी त्रिकोण, धातू कोणताही असो, जवळजवळ हलत नाही. त्रिकोणाचा गुणच तो. दबतं ते टायर, सीट, सीटखालचा दांडा आणि थोडा चिमटा. चोवीस हजारांची फ्रेम बदलण्याआधी टायर थोडे रुंद घालून हवा थोडी कमी करून बघावी. शर्यतवाल्यांनाही हे उशिरा का होईना पटलं आहे. तेवीस मिलिमीटरच्या टायरवर शपथा घेणारे आता अठ्ठावीसवर आले आहेत, आणि वेग कमी झालेला नाही.

गंमत पुढेच आहे. डोंगरातून चालवायच्या सायकली नव्वदच्या दशकात एकाहत्तर अंशांवर होत्या. त्या तिरप्या होत होत आज पासष्टच्या आसपास रेलल्या आहेत. लांबीही वाढली. खडीच्या रस्त्यांसाठी निघालेल्या नव्या सायकलींचीही पावलं त्याच दिशेने. मोठ्या किमतीच्या पट्टीखाली दुधवाल्याचे कोन! सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खाणाऱ्या त्या दोन-दोन शॉकरवाल्या पोरांच्या सायकली मात्र मला समजत नाहीत. पायडल मारलं की अर्धा जोर स्प्रिंगेत जातो आणि पोर घामाघूम. जो आराम योग्य कोनातून जवळपास फुकट मिळाला असता, तो वजन वाढवून विकत घेतलेला.

हल्ली दुकानात गेलं की विक्रेता गिअर किती, ब्रेक कोणते, वजन किती हे घडाघडा सांगतो. मी हँडलचा कोन विचारतो. तो फोनमध्ये बघतो, मग मला बघतो. कंपनीच्या तक्त्यात ते सगळं छापलेलं असतं, वाचणारा कोणी नसतो. म्हणून परवा भाचीसाठी सायकल बघायला जाताना वाटेत दोन किलो कांदे घेतले, पिशवी हँडलला अडकवली आणि दुकानासमोरच्या गर्दीतून अगदी हळू एक चक्कर मारली. मग पिशवी काढून दुसरी, रिकामी. भाची लाजेने दुकानाच्या आत जाऊन उभी. विक्रेता अदबीने म्हणाला, “सर, या मॉडेलला बास्केट वेगळी मिळते.”